साठवणीतील आर्द्रता : सांगली-सातारा भागातील तंबाखू आणि हळद यांच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

शेतमाल बाजारात वजनावर विकला जातो, आणि त्या वजनात पाण्याचा एक वाटा नेहमीच असतो. हा वाटा डोळ्यांना दिसत नाही, ऋतूप्रमाणे तो कमीजास्त होतो आणि त्याचा लाभ किंवा तोटा कोणाच्या तरी पदरी पडतोच. १२ टक्के ओलावा असलेला १०० किलो तंबाखू पावसाळी हवेत १६ टक्के ओलाव्यापर्यंत गेला, तर त्याचे वजन सुमारे १०४.८ किलो होते. त्यातील पानाचा शुष्क अंश मात्र पूर्वीइतकाच, म्हणजे ८८ किलो, राहतो. उलटपक्षी, चैत्र-वैशाखाच्या कोरड्या वाऱ्यात तोच माल उघडा पडला तर वजन घटते आणि त्याखेरीज पानाचा चुरा होतो. ओलावा वाढला तर बुरशी, कमी झाला तर भुकटी. अशा दुहेरी कचाट्यात साठवणूक करणारा सापडलेला असतो.

सांगली व सातारा हे दोन जिल्हे या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचे आहेत. प्रशासकीय दृष्ट्या ते एकाच मुलखाचे भाग होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. हवामानाच्या दृष्टीने मात्र या मुलखात कमालीचा फरक आढळतो. पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस माण-खटाव आणि जत-आटपाडी हा भाग अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. या दोन टोकांच्या मध्ये कृष्णाकाठ आहे. तेथील उन्हाळी दुपारची हवा अत्यंत कोरडी असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच दिवसचे दिवस जवळजवळ संपृक्त राहते.

याच पट्ट्यात परस्परविरुद्ध स्वभावाचे दोन जिन्नस पिढ्यान्पिढ्या साठविले गेले. एक तंबाखू, ज्याला थोडा ओलावा हवाच असतो. दुसरी हळद, जिला तो शक्य तितका कमी हवा असतो. तंबाखूच्या वखारी सांगली, जयसिंगपूर आणि सीमेपलीकडील निपाणी येथे उभ्या राहिल्या, तर हळदीसाठी सांगलीलगतच्या हरिपूर येथे जमिनीखालची पेवे खोदली गेली. जगात अन्यत्र चिरूट जपून ठेवणारे लाकडी पेट्यांत ज्या तत्त्वाचा अवलंब करतात, तेच तत्त्व या वखारींत आणि पेवांत मोठ्या प्रमाणावर कार्य करताना दिसते. ते तत्त्व कोणते, त्याचे मापन कसे करावे आणि त्यावरून व्यवहारास कोणते नियम मिळतात, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२. सापेक्ष आर्द्रतेचा अर्थ

हवेतील बाष्प दोन प्रकारे सांगता येते. एक घनमीटर हवेत किती ग्रॅम बाष्प आहे हे सांगितले म्हणजे निरपेक्ष आर्द्रता कळते. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प सामावू शकेल त्याच्या शेकडा किती प्रमाणात ते आहे, हे सांगितले म्हणजे सापेक्ष आर्द्रता कळते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर जागेत सुमारे १७.३ ग्रॅम बाष्प मावते. ३० अंशांना ३०.४ ग्रॅम, आणि ३८ अंशांना सुमारे ४६ ग्रॅम. तापमान थोडे चढले तरी ही मर्यादा झपाट्याने वाढते, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

एक उदाहरण घेऊ. एप्रिलमधील एखाद्या दुपारी हवेचे तापमान ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर तीत घनमीटरमागे सुमारे ९.२ ग्रॅम बाष्प असते. पहाटे तीच हवा २० अंशांपर्यंत निवाली, तर बाष्पाचा एक कणही न वाढता तिची सापेक्ष आर्द्रता ५३ टक्क्यांवर जाते. दुपारी हातात धरताच चुरगळणारे तंबाखूचे पान पहाटे लवचीक का होते, याचे उत्तर यात आहे. शेतात वाळत पडलेला तंबाखू दवाच्या वेळी हाताळण्याची शेतकऱ्याची जुनी रीत याच कारणाने पडली असली पाहिजे.

उलट बाजूचे उदाहरण पावसाळ्यातील आहे. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. अशी हवा २५ अंश तापमानाच्या भिंतीला, फरशीला किंवा मालाच्या थंड पोत्याला लागली की तेथे पाणी सुटते. छत गळत नसतानाही गोदामातील खालच्या थराची पोती ओली का होतात, हे पुष्कळदा यावरून उलगडते.

३. माल आणि हवा यांचा समतोल

तंबाखूचे पान, हळकुंड, धान्य, लाकूड, कागद हे सर्व पदार्थ आर्द्रताग्राही आहेत. भोवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता त्यांच्या अंगच्या ओलाव्याशी जुळत नसेल, तर ते बाष्प घेतात किंवा सोडतात, आणि अखेरीस एका समतोलास पोचतात. प्रत्येक पदार्थाचा हा समतोल निराळा असतो. म्हणून ‘ओलावा अमुक टक्के’ एवढेच म्हटल्याने मालाच्या सुरक्षिततेविषयी पुरेसा बोध होत नाही. त्या ओलाव्याशी समतोल राखणाऱ्या हवेची आर्द्रता किती, हा खरा प्रश्न आहे. बुरशीचा संबंध याच आर्द्रतेशी आहे. समतोल आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आत असेल तर साठवणीतील बहुतेक बुरश्या वाढू शकत नाहीत. ७० टक्क्यांच्या वर गेल्यास कोरड्या मालावर जगणाऱ्या बुरश्या हळूहळू डोके वर काढतात. आणि ८० टक्क्यांच्या पलीकडे विषकारक बुरश्यांसही वाव मिळतो.

या सीमारेषेच्या दृष्टीने पाहता तंबाखू आणि हळद यांचे स्वभाव स्पष्ट होतात. हळदीस रेषेच्या जितके खाली ठेवावे तितके बरे. भारतीय अन्नमानकांनी अखंड हळदीतील ओलाव्याची मर्यादा १२ टक्के ठरविली आहे, आणि नीट वाळलेल्या हळकुंडात तो याहून कमीच असतो. तंबाखूस मात्र रेषेच्या अगदी जवळ राहावे लागते. फार खाली गेल्यास पान ठिसूळ होते. रेषा ओलांडल्यास ते काळवंडते आणि बुरसटते. चिरूट जपणारे ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान आर्द्रता राखण्याची जी धडपड करतात, ती या अरुंद वाटेमुळेच.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. बंद खोलीतील पाणी असते कोठे? सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि चार मीटर उंच अशी वखार घेतली, तर तीत १२० घनमीटर हवा असते. ३० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता धरल्यास त्या सर्व हवेतील बाष्प सुमारे २.४ किलो भरते. त्याच वखारीत १० टन तंबाखू असेल आणि त्यात १३ टक्के ओलावा असेल, तर मालातील पाणी १,३०० किलो होते. म्हणजे खोलीतील पाण्याचा जवळजवळ सर्व साठा मालात असतो. हवेच्या वाट्याला शेकडा पावभागही येत नाही. वखार घट्ट बंद असेल तर हवेला मालासारखे व्हावे लागते, कारण थोडेसे बाष्प देऊन किंवा घेऊन माल तिला आपल्या समतोलास आणतो. वखार उघडी असेल तर नवी हवा अखंड येत राहते, आणि मग मालाला हवेसारखे व्हावे लागते.

बंद साठवणीत माल हवेवर राज्य करतो आणि उघड्या साठवणीत हवा मालावर, असे हे सूत्र मांडता येईल. चिरूटाची पेटी, तंबाखूची वखार आणि हळदीचे पेव ही या एकाच सूत्राची तीन रूपे होत.

४. चिरूटाची पेटी

तिन्हींत पेटी सर्वांत लहान असल्याने तिच्यात सूत्र स्पष्ट दिसते. चिरूट आतील भरणपाने, त्यांस बांधणारे पान आणि वरचे वेष्टन अशा थरांचा बनलेला असतो. हवा कोरडी झाली की वेष्टन आधी आक्रसते व तडकते. हवा फार दमट झाली की आतील पाने फुगतात आणि वेष्टन उसवते. दोन्ही प्रकारांत हानी होते ती बदलाच्या वेगामुळे, कारण बाहेरचा थर आणि आतला गाभा सारख्या गतीने ओलावा घेत वा सोडत नाहीत.

पेटीत माल थोडा आणि ती वरचेवर उघडली जाणारी. त्यामुळे हवेवर राज्य करण्याचे सामर्थ्य मालात पुरेसे नसते, आणि बाहेरून एक साठा पुरवावा लागतो. पूर्वी यासाठी ऊर्ध्वपातित पाण्यात भिजविलेला स्पंज ठेवीत. पण नुसते पाणी भोवतालच्या हवेस संपृक्ततेकडे नेते, ७० टक्क्यांवर थांबत नाही. पुढे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे समभाग मिश्रण वापरात आले. ते आर्द्रता सत्तरीच्या आसपास थोपविते. अलीकडे विशिष्ट क्षारांची द्रावणे बाष्पभेद्य पुडीत भरून ठेवतात. हवा कोरडी असता ती बाष्प देतात आणि दमट असता घेतात.

पेटीचे लाकूडही या व्यवहारात भाग घेते. अमेरिकेतील ज्या देवदारसदृश सुगंधी वृक्षाचे लाकूड यासाठी प्रसिद्ध आहे, तो वस्तुतः देवदार नसून आपल्याकडील तून या वृक्षाचा सगोत्र आहे. भारतात चिरूटांच्या पेट्या करण्यास तुणीचे लाकूड वापरले गेले ते याच गुणामुळे. असे लाकूड बाष्प शोषून धरते आणि सावकाश सोडते; पेटी उघडली असता होणारा धक्का ते पचविते.

५. तंबाखूची वखार

पेटीतून वखारीत आले की मालाचे वजन वाढते आणि बाहेरून पाणी पुरविण्याची गरज कमी होते. परंतु दारे, खिडक्या आणि छप्पर यांतून हवेचा शिरकाव होतच असतो. कृष्णाकाठी आणि निपाणी भागात विडीचा तंबाखू उन्हात वाळवितात व पानांचा चुरा करून तो पोत्यांत भरतात. या भागात अशा मोठ्या पोत्यास बोद म्हणतात. चुरा दाबून भरलेला असल्याने पोत्याच्या गाभ्यापर्यंत हवेतील बदल पोचण्यास आठवडे लागतात. अनुभवी वखारवाले थप्पी भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचतात आणि पावसाळ्यापूर्वी झाकून घेतात. या सर्व कृतींचा अर्थ, उघड्या साठवणीस शक्य तितके बंद साठवणीचे रूप देणे, हाच होय.

ओलाव्याची परीक्षा पूर्वापार हातांनी होत आली. मुठीत तंबाखू दाबून सोडला असता तो सावकाश फुलला तर योग्य, लगदा होऊन राहिला तर ओला, कुरकुरला तर कोरडा, अशी ही परीक्षा. जाणत्याच्या हाती ती बरीच विश्वसनीय ठरते, पण ती लेखी नोंदीत उतरत नाही. खरेदीदाराची मूठ आणि शेतकऱ्याची मूठ यांत मतभेद झाला, तर निवाडा करण्यास तिसरे साधन नसते.

या उणिवेचे आर्थिक परिणाम लहान नाहीत. १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला. कच्च्या तंबाखूवरील तो कर वजनावर आकारला जाई, आणि १९७९ साली तो उठेपर्यंत वखारीत किती किलो माल आला व किती बाहेर गेला याचा हिशेब सरकारदरबारी द्यावा लागे. ऋतुमानाने वजन बदलणाऱ्या जिनसाचा हिशेब किलोंत ठेवणे किती अवघड, हे आरंभी दिलेल्या आकड्यांवरून लक्षात यावे. शेतकऱ्याच्या बाजूने पाहता, १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखू उत्पादकांचे जे मोठे आंदोलन झाले, त्याच्या केंद्रस्थानी भावाचा प्रश्न होता. किलोचा भाव ठरला तरी त्या किलोत पाणी किती, हे ठरल्यावाचून भाव पुरता ठरत नाही. ओल्याचा संशय घेऊन वजनातून घट कापली जाते, तेव्हा तो संशय मोजता आला पाहिजे.

कोरडेपणाचा भार आणखी एका वर्गावर पडतो. तंबाखू चाळणे, निवडणे आणि भरणे ही कामे निपाणीच्या परिसरात मुख्यतः स्त्रिया करीत आल्या आहेत. पान जितके शुष्क तितकी भुकटी अधिक उडते, आणि ती श्वासावाटे या स्त्रियांच्या छातीत जाते. वखारीतील आर्द्रता योग्य राखणे हा यास्तव केवळ मालाच्या प्रतीचा प्रश्न ठरत नाही; तेथे दिवसाचे आठ-दहा तास काढणाऱ्यांच्या आरोग्याशीही तो निगडित आहे. अर्थात् भुकटीपासून संरक्षणाचे काम आर्द्रतेवर सोपवून भागणार नाही. वायुवीजन आणि तोंडावरील आच्छादन यांची जागा ती घेऊ शकत नाही.

६. हळदीचे पेव

बंद साठवणीचे पूर्ण रूप हरिपूरच्या पेवांत दिसते. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील या गावाची माती चिवट असून खोल खणले तरी कडा सहसा ढासळत नाहीत. पेवाचे तोंड माणूस उतरेल इतके अरुंद आणि पोट रुंद असते. खोली साधारणतः १५ ते २० फूट, क्वचित त्याहून अधिक. तळाशी व कडेने उसाचे पाचट आणि चटया यांचे अस्तर देऊन आत हळद भरतात आणि तोंड मातीने लिंपून बंद करतात. अशा पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकते, असा या बाजारपेठेचा अनुभव होता. सांगली ही हळदीची अग्रगण्य पेठ होण्यास, आसपासच्या वाई-कराड भागातील उत्पादनाइतकाच, या साठवणुकीचाही हातभार लागला.

पेवाच्या यशाची कारणे तीन सांगता येतील. पहिले तापमानाचे. दिवस-रात्रीचा फरक जमिनीत अर्ध्या-एक मीटरच्या आत विरून जातो, आणि चार-पाच मीटर खोलीवर उन्हाळा-हिवाळ्यातील फरकही अत्यल्प उरतो. तापमान स्थिर असल्याने दवबिंदू गाठला जाण्याचा व थंड पृष्ठावर पाणी सुटण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

दुसरे कारण हवेचे. बंद पेवात कीटक, सूक्ष्मजीव आणि स्वतः माल यांच्याकडून ऑक्सिजन खर्च होतो व कार्बन डाय-ऑक्साइड साचतो. हळकुंडे पोखरणारा प्रमुख कीटक म्हणजे लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने हा भुंगेरा. तंबाखूच्या वखारीत आणि चिरूटाच्या पेटीत हानी करणारा कीटक नेमका हाच आहे. सुमारे ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता त्यास विशेष मानवते. या भागातील पावसाळी गोदाम त्यास घरासारखे वाटावे, यात नवल नाही. ऑक्सिजन संपलेल्या पेवात मात्र तो जगू शकत नाही. हीच हवा माणसासही घातक असते. म्हणून पेवाचे तोंड उघडल्यावर बराच वेळ वाट पाहिल्यावाचून कोणी आत उतरत नाही. आत सोडलेला दिवा विझला तर उतरणे प्राणावर बेतू शकते, हे पेवाच्या कामकऱ्यांस पक्के ठाऊक असते.

तिसरे कारण मालाच्या राशीचे. येथे एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. पेव कोरडे असते म्हणून हळद टिकते, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः या खोलीवरील मातीच्या छिद्रांतील हवा बहुधा संपृक्ततेच्या जवळ असते. मातीतील हे बाष्प अस्तरातून सावकाश आत झिरपते आणि कडेची हळद ते शोषून घेते. पेवातून काढलेल्या हळदीचे वजन थोडे वाढते, असे व्यापारी सांगत आले, त्याचा उलगडा यातून होतो. ८ टक्के ओलाव्याची हळद ९ टक्क्यांवर गेली, तरी १०० किलोंमागे एक किलोहून थोडी अधिक भर पडते. परंतु राशीचे वजन प्रचंड आणि बाष्पाची गती मंद असल्याने गाभ्यातील हळद वर्षानुवर्षे सुरक्षित सीमेच्या आत राहते. कडेचा थर तिच्यासाठी ढाल होतो. म्हणून पेवात घालावयाची हळद आधीच उत्तम वाळलेली असावी लागते. मोडताना धातूसारखा खणखणीत आवाज देणारे हळकुंडच पेवास योग्य, या जुन्या कसोटीमागे हा हिशेब आहे. दमट हळद घट्ट बंद केली तर तिचा दमटपणाही तितक्याच निष्ठेने टिकतो.

याखेरीज पेवातील अंधारही उपकारक ठरतो. हळदीचा रंग ज्या कर्क्युमिनमुळे येतो ते द्रव्य प्रकाशात क्षीण होते.

७. मापनाची साधने

पेटी असो वा पेव, निरीक्षणावाचून राखण अंधारात चालते. सर्वांत साधे आणि भरवशाचे साधन म्हणजे ओला व कोरडा असे दोन तापमापक. कोरड्यावर ३० अंश आणि ओल्या फडक्याच्या तापमापकावर २५ अंश दिसत असतील, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ६७ टक्के असते. ३८ आणि २२ अंश असतील तर सुमारे २५ टक्के. फडके स्वच्छ असावे, पाणी ऊर्ध्वपातित असावे आणि तापमापकावरून हवा वेगाने वाहिली पाहिजे. बंद वखारीतील निश्चल हवेत नुसते टांगून ठेवल्यास ओल्या तापमापकाचे वाचन प्रत्यक्षापेक्षा जास्त येते आणि हवा आहे त्याहून दमट भासते. यास्तव साधन हातात धरून फिरवावे लागते.

केसांच्या आकुंचन-प्रसरणावर चालणारा आर्द्रतामापक द सोस्यूर यांनी अठराव्या शतकात सिद्ध केला. अशी साधने आणि हल्लीची विद्युत्-संवेदके वापरण्यास सोपी आहेत, परंतु कालांतराने त्यांचे वाचन ढळते. ते तपासण्याची एक सोपी रीत आहे. स्वच्छ मिठात ते पुरते विरघळणार नाही इतपत पाणी घालून ओलसर लगदा करावा आणि तो व आर्द्रतामापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात, एकमेकांस न चिकटवता, सात-आठ तास ठेवावेत. संपृक्त मिठाच्या द्रावणावरील हवेची आर्द्रता सामान्य तापमानाला ७५ टक्के असते आणि तापमानाप्रमाणे ती फारशी बदलत नाही. साधन ७१ दाखवीत असेल, तर ते चारने कमी दाखविते असे समजावे. मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर ही आर्द्रता सुमारे ३३ टक्के असते. दोन्ही बिंदूंवर साधन तपासल्यास त्याचा पल्ला कळतो.

हवेबरोबर मालही मोजावा लागतो. तंबाखूचा ओलावा भट्टीत वाळवून काढण्याची पद्धत रूढ आहे. हळदीस मात्र ती जशीच्या तशी लावता येत नाही. हळदीत बाष्पनशील तेल असते, आणि उष्णतेने पाण्याबरोबर तेही उडून जाते. वजनातील सर्व घट पाण्याच्या नावे लिहिली, तर ओलावा फुगवून सांगितला जातो आणि शेतकऱ्यावर अन्याय होतो. म्हणून मसाल्याच्या पदार्थांसाठी टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन करून प्रत्यक्ष निघालेल्या पाण्याचे आकारमान मोजतात. दैनंदिन कामासाठी पोत्याच्या गाभ्यात आर्द्रतामापकाची नळी खुपसून आतील हवेची आर्द्रता वाचणे हा उत्तम मार्ग होय. कारण समतोलाच्या नियमानुसार ती हवा मालाचीच साक्ष देते.

८. हवा केव्हा आत घ्यावी?

बाहेर कोरडे वाटले की दारे उघडावी आणि दमट वाटले की लावावी, असा सामान्य समज आहे. तो नेहमी खरा ठरत नाही. पावसाळ्यातील एके दिवशी बाहेर २४ अंश तापमान व ८५ टक्के आर्द्रता आहे, आणि वखारीत २९ अंश व ६५ टक्के. बाहेरची हवा दमट वाटते. परंतु तीत घनमीटरमागे १८.५ ग्रॅम बाष्प आहे, तर आतल्या हवेत १८.७ ग्रॅम. बाहेरची हवा आत येऊन २९ अंशांपर्यंत तापली, की तिची आर्द्रता ६४ टक्के होते. त्यामुळे अपाय काहीच होत नाही.

आता उलट प्रसंग पाहावा. पाऊस उघडल्यावर बाहेर ऊन पडले आहे. तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ५५ टक्के. वखारीत २५ अंश व ७० टक्के. बाहेरची हवा कोरडी भासते आणि दारे उघडण्याचा मोह होतो. पण तीत १९.६ ग्रॅम बाष्प आहे आणि आत १६.१ ग्रॅम. ही हवा थंड वखारीत शिरून २५ अंशांना आली, की तिची आर्द्रता ८५ टक्के होते. उघडीप पाहून दारे उघडणारा येथे बुरशीस निमंत्रण देतो. तेव्हा सापेक्ष आर्द्रतेचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत; निरपेक्ष आर्द्रता किंवा दवबिंदू यांची तुलना करावी, आणि बाहेरचा दवबिंदू आतल्याहून खाली असेल तेव्हाच माल वाळविण्यासाठी हवा घ्यावी. तंबाखू फार कोरडा पडला असेल, तर याच नियमाचा उलटा उपयोग करता येतो.

९. उपसंहार

२००५ सालच्या महापुरात कृष्णेचे पाणी हरिपुरातील पेवांत शिरले आणि साठविलेल्या हळदीची मोठी हानी झाली. त्यानंतर पेवांचा वापर झपाट्याने ओसरला आणि व्यापार जमिनीवरील गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदी ५७ फुटांच्या वर गेली. नदीकाठी जमिनीखाली माल ठेवण्यातील धोका यावरून पुन्हा एकदा सिद्ध झाला. पेवांकडे परत जावे, असे म्हणण्यास म्हणूनच फारसा आधार नाही.

तथापि, पेव सोडताना त्याच्यातील तत्त्वही सोडले जाण्याचा धोका आहे. पत्र्याच्या छपराचे गोदाम दिवसा तापते आणि रात्री निवते; त्याची दारे कामासाठी उघडी राहतात; त्यात पोती भिंतीला टेकवून रचली जातात. स्थिर तापमान, हवाबंद कोठार, उत्तम वाळलेला माल आणि राशीचे स्वसंरक्षण, ही पेवाची चारही बले तेथे एकाच वेळी नाहीशी होतात, आणि त्यांची उणीव पुढे औषधांच्या धुरीने भरून काढावी लागते. हवाबंद पिशव्या, उष्णतारोधक छप्पर आणि गाभ्यातील आर्द्रतेची नियमित नोंद यांच्या साहाय्याने ही बले गोदामातही बऱ्याच अंशी परत आणता येतात.

२०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या भूगोलाने ही पेठ घडविली, त्यात माती आणि नदी यांबरोबर हवेतील बाष्पही येते. वखारवाल्याच्या भिंतीवर दोन तापमापक आणि सकाळ-दुपारच्या नोंदींची एक वही, इतके साधन प्रत्येक साठवणदारास परवडण्यासारखे आहे. अशा नोंदी काही वर्षे सलग राहिल्या, तर मालाचे रक्षण होईलच. शिवाय वजनातील घट नेमकी कशाची आणि ती कोणी सोसावी, हा शेतकरी व व्यापारी यांच्यातील जुना वादही मुठीच्या अंदाजावरून उठून आकड्यांवर येईल.